बापाला घरी आणायचं का?

प्रश्न एवढाच होता की, अर्धांगाचा झटका आलेल्या बापाला मुलानं आपल्या घरी आणावं का? इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्या त्या मुलाचं उत्तर तयार होतं. नाही. रात्री दाराची कडी वाजली की आई आधी लाटणं, उलथनं, पितळी तांब्या फळीवर सरकवायची. हाताला लागेल असं काही खाली राहू द्यायची नाही. हे बघतच तो वाढला.

त्याच्या मामांनी कायदा काढला. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं आईवडिलांचा चरितार्थ मुलांवर टाकलाय. “बाप कसा वागला, हे तिथं कोण विचारत नाही.”

“पैसे देतो, औषधं देतो, सांभाळायला माणूस ठेवतो. माझ्या घरात नको.”

“एवढा राग बरा नव्हे. तूही त्याच वळणावर जाशील.”

“भीती तीच आहे, मामा. परवा पोरानं दूध सांडलं आणि माझा हात उठला. बायको मध्ये पडली. आई उठली ती सरळ ओट्यावरची भांडी आवरायला लागली.”

“म्हणजे रक्तातच आहे म्हण.”

रक्ताचा हा सिद्धांत मात्र तपासून पाहिलेला आहे. अमेरिकी संशोधक कॅथी विडम यांनी 1989 मध्ये लहानपणी मारहाण किंवा हेळसांड सोसलेल्या 908 मुलांची तुलना तसं काही न सोसलेल्या 667 जणांशी केली. पहिल्या गटात पुढं अटक होण्याचं प्रमाण जास्त निघालं, पण त्यातलेही बहुसंख्य त्या वाटेला गेले नव्हते. मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांनीच उभारलेली संघटना 1993 पासून तरुण मुलांशी बोलते, तीही हात उगारणं शिकलेलं असतं आणि सोडता येतं, याच भरवशावर.

मामांनी शेवटचा पत्ता टाकला. “अक्काच, तुझी आईच म्हणते, आणा म्हणून.”

“ती नाही म्हणायला कुठं शिकली? तीनदा माहेरी आली, तिन्ही वेळा तुम्हीच पोचवून गेलात.”

“तेव्हा कायदे कुठं होते?”

“सासरच्या छळाविरुद्धचं 498अ कलम 1983 पासून होतं.”

“होतं,” मामा म्हणाले. “पण नवऱ्याला टाकून आलेली बहीण घरात ठेवायची, तर गावाला तोंड कसं दाखवायचं?”

भाच्याला कर्तव्य शिकवण्याचा मामांचा हक्क इथंच संपतो. बापाच्या औषधपाण्याचं देणं भाच्यावर आहेच, ते तो नाकारतही नाही. पण घरी आणलेल्या बापाचं हगणं-मुतणं काढायला मुलगा नसणार, आईच असणार. म्हणून भाऊ आणि मुलगा, दोघांनी बाहेर थांबावं आणि तिला एकटीला विचारावं, “खर्चाची सोय झालीय, माणूस ठेवलाय. तरीही तो तुला घरात हवाय का?” तिचं उत्तर काहीही येवो, तेच चालावं.