आधी कुंडीत बोट घाल

पानांनी माना टाकल्या म्हणून पाणी घातलंस. दुसऱ्या दिवशीही माना खालीच, म्हणून पुन्हा घातलंस. आठवडाभर हाच उद्योग. आणि आता मला विचारतेस, ‘बाई, रोज पाणी देऊनही पीस लिली कशी गेली?’ रोज दिलंस म्हणूनच गेली.

बारावीला जीवशास्त्र माझ्याकडेच होतं ना तुला? मुळंही श्वास घेतात, त्यांना प्राणवायू लागतो, हे मी फळ्यावर काय स्वतःच्या करमणुकीसाठी लिहीत होते? मातीचा चिखल झाला की तिच्यातल्या हवेच्या जागा पाण्याने भरतात. मुळं गुदमरतात, मग कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढणार कसं? भोवती पाणीच पाणी आणि पानं तहानलेली. ही लिली तहानेनेही मान टाकते आणि पाणी जास्त झालं तरीही. पानाकडे बघून निदान होत नाही. बोट दोन पेरं मातीत घाल. कोरडी लागली तर तळातून निथळेपर्यंत पाणी दे, काही तासांत उभी राहते. ओली लागली तर हात आवर. एवढी तपासणी करायला तुला वेळ नाही, पण मोबाइलवर ‘पाणी घाला’ची आठवण लावायला आहे. जुलैत ठाण्यात चार-चार दिवस ऊन पडत नाही, माती सुकत नाही, हे त्या मोबाइलला कोण सांगणार?

आणि ही चिनीमातीची शोभेची कुंडी! तळाला भोक नाही. आतल्या प्लॅस्टिकच्या कुंडीखाली दोन बोटं पाणी साचलंय, त्याला वास मारतोय. पाहुण्यांना दाखवताना नाक कुठे होतं तुझं?

‘नर्सरीवाला म्हणाला सावलीतलं झाड आहे.’ बरोबरच म्हणाला. पण सावली म्हणजे बाथरूमसमोरचा अंधारा बोळ नव्हे. हिची भावंडं कोलंबियाच्या दमट जंगलात उंच झाडांखाली वाढतात, तिथे पानांतून गाळून का होईना, उजेड पोचतो. तसा उजेड पूर्वेच्या खिडकीपासून हातभर आत मिळेल. थेट उन्हात ठेवलीस तर पानं करपतील, ती तक्रार घेऊनही माझ्याकडे येऊ नकोस.

फुलांचं रडगाणंही ऐकलं. आणली तेव्हा भरभरून होती, आता एकही नाही. अगं, नाशिकचे द्राक्षबागायतदार जीए मारतात, ते जिबरेलिक आम्ल ठाऊक आहे ना? मोठे उत्पादक या झाडावरही तेच फवारतात, म्हणजे विक्रीच्या वेळी फुलं हजर. तो जोर ओसरला की झाड स्वतःच्या वेळेने फुलतं, तेही पुरेसा उजेड असेल तर. बोळात नाही. आणि तू ज्याला फूल म्हणतेस ते पांढरं पान म्हणजे महाछद. खरी फुलं मधल्या दांड्यावर, बारीक. यावर दोन मार्क होते, तू घालवले होतेस.

हवा शुद्ध करायला आणलीस म्हणे! नासाचा तो 1989चा प्रयोग बंद पेटीतला होता, टू बीएचकेतला नव्हे. 2019मध्ये अशा अनेक प्रयोगांचा हिशेब मांडला गेला: साध्या वायुवीजनाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, कदाचित हजारही. खिडकी उघड, फुकट आहे.

मांजर पान चावतं, हे मात्र आधी सांगायला हवं होतंस. ही अळूच्या कुळातली. पानांत तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. तोंड जळजळतं, लाळ गळते. खऱ्या लिलीने मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात, तसं इथे होत नाही, पण म्हणून कुंडी जमिनीवर ठेवायची? उंचावर ठेव.

आता रडणं पुरे. वर्तमानपत्र पसर, झाड कुंडीतून काढ. पांढरी, टणक मुळं राहू देत. तपकिरी, बुळबुळीत, चिमटीत साल निघून येणारी सगळी काप, कात्री आधी स्पिरिटने पुसून. जुनी माती फेक. नव्या मातीत कोकोपीट आणि पर्लाइट सढळ हाताने घाल. कुंडी लहानच घे. मुळं उरली मूठभर, त्यांना बादलीभर ओली माती कशाला? खत नवी पानं फुटेपर्यंत अजिबात नको, ‘थोडंसं’ही नको. तुझं थोडंसं मला माहीत आहे.

आणि काम झालं की फोटो पाठव. पानांचा नको, मुळांचा.