पुस्तक अजून हातात असताना

‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नाला आपण बहुतेकदा वाचून संपलेल्या पुस्तकाचं नाव सांगतो. संपलेल्या पुस्तकाबद्दल मत तयार असतं, चार वाक्यं नीट बोलता येतात. उशाशी पडलेल्या, अर्ध्यावर आलेल्या पुस्तकाबद्दल बोलायला माणूस कचरतो. मला मात्र असं वाटत आलंय की वाचकांनी एकमेकांना द्यायची खरी गोष्ट हे अर्ध्या वाटेवरचं बोलणंच आहे. मत ठरलं की चर्चेत आपण त्याची राखण करत बसतो. ते ठरायच्या आधी आपण ऐकून घेतो.

आपल्याकडे वाचनाची सुरुवातच मुळी चारचौघांत झाली. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली, १२९० साली, समोर श्रोते बसलेले असताना. लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. तिच्यात श्रोत्यांशी चाललेला संवाद जागोजागी दिसतो. वक्ता त्यांची विनवणी करतो, श्रोते त्याला पुढे बोलायला सांगतात. ग्रंथ पूर्ण होण्याआधीच त्यावरचं बोलणं ग्रंथात येऊन बसलं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे शतकानुशतकं चातुर्मासात पोथी लागत राहिली. चौरंगावर सोडलेली पोथी, सुटी आडवी पानं, वाचून झालेलं पान पालथं घालायचं. समोर वाती वळत बसलेल्या बायका. श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप असो की हरिविजय, रोज ठरावीक अध्याय झाला की पोथी रुमालात बांधली जायची. उरलेली गोष्ट उद्यावर. गंमत अशी, की पुढे काय होणार हे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊकच असायचं. त्यामुळे घरी जाताना बोलणं व्हायचं ते धर्मराजानं द्रौपदीला पणाला लावायला नको होतं, भीष्म गप्प का बसले, यावर. आजही सासूच्या डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून सून पोथी वाचते आणि मधेच दोघी थांबून एखाद्या प्रसंगावर बोलतात, अशी घरं आहेत.

पण ही बैठक सगळ्यांची नव्हती. देवळात पोथी चालू असताना ज्यांना उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागे, त्यांनी काय ऐकलं आणि त्यांना काय वाटलं, हे विचारायची कुणाची पद्धत नव्हती. १८८५ साली पुण्याच्या ग्रंथकार सभेचं बोलावणं जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. प्रश्न लेखकांच्या सभेचा होता, पण तो वाचकांच्या मंडळालाही तितकाच लागू आहे. ज्यांची दुःखं ग्रंथात नाहीत आणि ज्यांना माणूस म्हणून बरोबरीनं वागवलं जात नाही, त्यांनी त्या ग्रंथांच्या कौतुकात सामील का व्हावं?

तोवर छापखाना रुळला होता आणि वाचनालयंही निघाली होती. रत्नागिरीचं १८२८ सालचं, नाशिकचं १८४०, पुण्याचं १८४८. वर्गणी भरा, पुस्तक घरी न्या, एकट्यानं वाचा. मूक वाचनानं चर्चा मारली असं म्हणणारे भेटतात. मला ते अर्धंच पटतं. एकट्यानं वाचता येऊ लागलं म्हणून तर कुणाच्या परवानगीशिवाय मनातल्या मनात ‘हे मला मान्य नाही’ म्हणता येऊ लागलं. विशेषतः घरातल्या मुलीबाळींना. चर्चेला काही आणायचं तर आधी ते स्वतःचं असावं लागतं.

छापील मजकुरानंही लोकांना एकत्र बसवलंच. १८८१ पासून ‘केसरी’ निघू लागला आणि एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, अशी रीत त्यालाही लाभली. १८९० मध्ये हरि नारायण आपट्यांचं ‘करमणूक’ सुरू झालं, आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यातून क्रमशः येऊ लागली. यमूचं लग्न, तिचं वैधव्य, तिचं केशवपन, सगळं हप्त्याहप्त्यानं. क्रमशः कादंबरीचं वैशिष्ट्य हे, की सगळे वाचक एकाच पानावर अडलेले असतात. या वेळी मात्र पोथीसारखा शेवट ठाऊक नाही. वकील असो की कारकून, यमूचं पुढे काय होणार याबाबत दोघेही सारखेच अंधारात.

पुस्तक बांधून एकसंध मिळू लागलं तसं हे एका पानावर असणं सुटलं. तरी भूक राहिलीच. सार्वजनिक वाचनालयातली जुनी पुस्तकं चाळा. समासात एकानं शिसपेन्सिलीनं ‘अगदी खरं!’ लिहिलेलं असतं, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘कशावरून?’, आणि तिसऱ्यानं शाईनं, ‘पुढे वाचा, कळेल.’ पुस्तकावर लिहू नये हा नियम योग्यच आहे. पण एकमेकांना कधीच न भेटलेली ही तीन माणसं बोलल्यावाचून राहू शकली नाहीत, हे पाहून मला त्यांच्याबद्दल माया वाटते.

१९६४ पासून ‘ललित’ मासिकानं नुसत्या पुस्तकांविषयी बोलायला जागा दिली. १९७४ साली ‘ग्रंथाली’ निघाली ती वाचक चळवळ म्हणूनच. गावोगावची प्रदर्शनं, ग्रंथयात्रा हे सगळं महत्त्वाचं. पण माझ्या लेखी तिचं सर्वांत मोठं काम म्हणजे १९७८ साली आलेलं दया पवारांचं ‘बलुतं’ आणि १९८० सालचं लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’. फुल्यांनी नकार दिल्याला जवळजवळ शंभर वर्षं होत आली होती. आता ज्याच्याविषयी कुणी विचारत नव्हतं त्याचंच पुस्तक बैठकीच्या मधोमध होतं, आणि सुशिक्षित वाचकाला ते मधेच मिटवून ठेवावंसं वाटत होतं. का मिटवावंसं वाटलं, हे बोलून दाखवणं म्हणजेच त्या पुस्तकाची चर्चा होती. नुसतं ‘प्रभावी आत्मकथन’ म्हणून मोकळं होता येत नव्हतं.

आमच्या गावातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत काही जण रविवारी सकाळी जमतो. रिवाज एकच: पुस्तक संपलेलं नसलं तरी चालेल, बोलायचं ते जिथे आहात तिथून. मागे एक कॉलेजातली मुलगी ‘कोसला’ वाचत होती. मनीच्या मृत्यूपाशी ती थांबली होती. देवीनं गेलेली ती लहान बहीण, आणि तोवर सगळ्याची टर उडवत आलेला पांडुरंग सांगवीकर तिथे कसा पार उघडा पडतो, हे तिनं एक परिच्छेद वाचून दाखवत सांगितलं. निवृत्त झालेले एक मास्तर म्हणाले, मी तर हे पुस्तक हॉस्टेलवर हसत हसत वाचलं, मला त्यातलं हॉस्टेल आणि मेसच आठवते. बहीण होती हे खरं, पण हे एवढं होतं? ती म्हणाली, सर, मला तर आता आधीचं हसूसुद्धा वेगळं वाटायला लागलंय. मग दोघांनी ठरवलं. मास्तरांनी पुढच्या रविवारपर्यंत तेवढा भाग पुन्हा वाचायचा, आणि तिनं तोवर पुढचं पान उलटायचं नाही.