हातगाडीपुढची बरोबरी

परदेशी राबून सुट्टीपुरत्या मायदेशी आलेल्या माणसाला फिलिपिन्समध्ये ‘बालिकबायान’ म्हणतात. ‘बालिक’ म्हणजे परतणे, ‘बायान’ म्हणजे गाव किंवा देश. हा शब्द रुजवण्यात सरकारचा मोठा हात आहे. परदेशस्थांनी सुट्टीत मायदेशी यावे म्हणून राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या राजवटीने १९७३ मध्ये मोहीम काढली आणि १९७४ च्या कामगार संहितेने परदेशातल्या नोकरभरतीला सरकारी चौकट दिली. आज सुमारे एक कोटी फिलिपिनो देशाबाहेर आहेत आणि त्यांनी धाडलेला पैसा देशाच्या सकल उत्पादनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास भरतो. असा माणूस घरी आला की त्याचे पाय कोपऱ्यावरच्या गाडीकडे वळतात. निखाऱ्यावर भाजलेली कोंबडीची आतडी, म्हणजे ‘इसाव’. नारिंगी पिठात तळलेली लाव्याची अंडी, म्हणजे ‘क्वेक-क्वेक’. नाहीतर नुसते फिशबॉल. या ओढीला ‘जुन्या आठवणी’ असे नाव देऊन आपण मोकळे होतो. पण आठवणींची भूक आईच्या हातच्या जेवणानेही भागते. गाडीवर जे मिळते ते घरात मिळत नाही, आणि ती गोष्ट म्हणजे बरोबरी.

घरात बालिकबायान हा देणारा असतो. साबण, चॉकलेटे, डबाबंद मांस, बूट यांनी ठासून भरलेले ‘बालिकबायान बॉक्स’ नावाचे खोके त्याच्या आधी किंवा त्याच्यासोबत पोचते. फिलिपिनो समाजात उपकाराच्या ऋणाला ‘उतांग ना लोओब’ म्हणतात. ते पैशाने फिटत नाही, म्हणून घरातल्या प्रत्येक पंगतीवर त्याची सावली असते. गाडीपाशी हा हिशेब थांबतो. कढईतले फिशबॉल गिऱ्हाइकाने स्वतःच काडीने टोचून घ्यायचे, आणि किती खाल्ले ते शेवटी आपणच सांगायचे. विक्रेता शब्दावर विश्वास ठेवतो. वर ‘साव्सावान’, म्हणजे व्हिनेगर, मिरची, लसूण घातलेले किंवा गोडसर तिखट बुडवण. खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासक डोरीन फर्नांडेझ यांनी दाखवून दिले आहे की या बुडवणामुळे पदार्थ पुरा करण्याचा हक्क खाणाऱ्याकडे येतो. डॉलर कमावणारा आणि रिक्षा चालवणारा, दोघांच्या हातात सारखीच काडी असते.

पदार्थांची नावेही हेच सांगतात. गोठवून चौकोनी कापलेल्या रक्ताला ‘बीटामॅक्स’ म्हणतात, कोंबडीच्या पायांना ‘आदिदास’, डुकराच्या कानाला ‘वॉकमन’. ज्या वस्तू दुकानाच्या काचेआड राहिल्या त्यांची नावे लोकांनी टाकाऊ अवयवांना चिकटवली आणि स्वतःच्या परिस्थितीला हसून घेतले. सोनीने बीटामॅक्सच्या व्हिडिओ कॅसेटी २०१६ मध्ये कायमच्या बंद केल्या. गाडीवरचा बीटामॅक्स अजून विकला जातो. खोक्यातून खरे बूट आणणारा माणूस गाडीवर येऊन ‘आदिदास’ चघळतो, तेव्हा तो विनोद त्याला समजतो. समजणे हीच तिथली ओळख. पासपोर्ट कोणी विचारत नाही.

यावर रास्त आक्षेप असा की ही बरोबरी खोटी आहे. आतडी आणि रक्त लोक खाऊ लागले ते मांस परवडेना म्हणून. परतीचे तिकीट खिशात असलेल्याने त्याची मौज घेणे म्हणजे दारिद्र्याचे कौतुक. या आक्षेपात वजन आहे. मराठी वाचकाला तो परका नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद आहे, आणि रक्ती-वजडीची चव सांगताना ती कोणत्या सक्तीतून आली हेही विसरता येत नाही. मात्र त्या अन्नाकडे नाक मुरडणे हा सक्तीवरचा उपाय नव्हे. टंचाईतून माणसांनी रांधण्याचे कसब घडवले. टंचाईचा निषेध करताना कसबाचा मान राखता येतो. दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. एकाच भांड्यात अनेकांच्या उष्ट्या काड्या बुडणे धोक्याचे आहे, यात वाद नाही. म्हणूनच अनेक गाड्यांवर बुडवण आता बाटलीतून किंवा वेगळ्या पेल्यात मिळते, आणि त्याने काही बिघडलेले नाही. समाईक होता तो विश्वास. समाईक भांडे त्याची अट नव्हती.

उरते ते खरेच मर्यादित आहे. गाडीपुढची बरोबरी चार-सहा काड्यांपुरती टिकते; त्यानंतर माणूस पुन्हा देणारा होतो, आणि काही दिवसांनी विमानतळावर रांगेत उभा राहतो. ज्या मिळकतीच्या दरीने त्याला देशाबाहेर नेले ती इसावने बुजत नाही. पण घरात ‘काय आणलेस?’ हा प्रश्न उच्चारला नाही तरी हवेत असतो. गाडीवाला मात्र एवढेच विचारतो, ‘किती झाले?’ आणि जो आकडा सांगाल तो मान्य करतो.