महापुरातला काला

श्रीपांडुरंगाच्या कृपेने गेली चाळीस वर्षे आम्ही काल्याचे कीर्तन करीत आलो. दशमस्कंधातले ते यमुनाकाठचे वनभोजन, कुणाची ताजी तर कुणाची शिळी शिदोरी, आणि त्या सगळ्या एकत्र कालवून गोपाळांच्या मधोमध बसलेला भगवान. पदपदार्थ, अन्वय, सारे पाठशाळेत गुरूंपाशी शिकलो. परंतु काल्याचा अर्थ आम्हांस कळला तो साठी उलटल्यावर, सन २०१९ च्या श्रावणात. आणि तो समजाविला एका निरक्षर माउलीने. ती हकीगत आज वाचकांच्या चरणी ठेवितो.

माण तालुक्यातल्या एका गावी सप्ताह होता. त्या साली माणदेशात दुष्काळ फार कडक. उन्हाळ्यात म्हसवडसारख्या ठिकाणी जनावरांच्या चारा छावण्या पडल्या होत्या. श्रावण लागला तरी इकडे आभाळ कोरडे, मंडपात पिण्याला टँकरचे पाणी. आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला कोयनेच्या खोऱ्यात आभाळ फाटलेले! कृष्णा, कोयना, वारणा एकाच वेळी फुगल्या. सांगलीला आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. पाणी गेले ५७ फुटांवर. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे माणसे बाहेर काढणारी नाव उलटली आणि बायालेकरांसह अनेक जीव गेले. ब्रह्मनाळ म्हणजे येरळा आणि कृष्णा यांचा संगम. ही येरळा कुठली? खटावच्या दुष्काळी डोंगरातली, वर्षाचे बहुतेक दिवस कोरडी. म्हणजे दुष्काळाचा आणि महापुराचा संगम देवाने आधीच करून ठेविला होता म्हणायचा!

ही वार्ता मंडपात आली. गावकऱ्यांनी ठरविले, यंदा काल्याची पंगत गावात नको, भाकरी सांगलीकडे धाडू. घरोघर तवे तापले. भाकरी, चटणी, पिठले, जमेल त्याने आणून दिले. आता आमची चूक ऐका. उत्साह वाढावा म्हणून आम्ही ध्वनिवर्धकावरून देणाऱ्यांची नावे पुकारू लागलो. अमक्याच्या शंभर भाकरी, तमक्याच्या दोनशे. तेवढ्यात एक म्हातारी फडक्यात चार भाकरी बांधून आली. आम्ही नाव विचारले. ती म्हणाली, "माज्या भाकरीचं नाव घिऊ नगा, म्हाराज. खाणाऱ्याच्या घशात अडकंल."

श्रोतेहो, आमची वाचाच बसली. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. द्यावयाचेच आहे म्हणून, परतफेडीची आशा न धरिता, देशकाल पाहून दिले ते सात्त्विक. त्यावर आम्ही तासन्‌तास बोललो असू. म्हातारीने एका वाक्यात भाष्य केले. ध्वनिवर्धक बंद केला आणि टेम्पोत जाऊन बसलो.

पलूसकडच्या एका शाळेत पूरग्रस्त उतरले होते. आवारात मदतीचे ढीग पडलेले. कित्येक पिशव्यांवर देणाऱ्यांची छायाचित्रे, आणि कोपऱ्यात फाटक्या कपड्यांचा एक ढीग, ज्याला कुणी शिवतही नव्हते. घरात नको ते पुरात गेलेल्या माणसाला द्यावे, हे दान नव्हे, ती घराची झाडलोट! एक बागायतदार भिंतीकडे तोंड करून बसला होता. ऊस गेला, गोठा गेला. दोन दिवस तो रांगेत उभा राहिला नव्हता. म्हणे, "आजवर दिलंच हाय. हात पसरायचा कसा?" आमच्या टेम्पोतल्या पोराने त्याला सांगितले, "दादा, आमी माणदेशचं. उन्हाळ्यात आमच्या जनावरांनी तुमच्याच काठचं उसाचं वाढं खाल्लं. ही भाकरी तुमचीच हाय." तेव्हा त्या मनुष्याने भाकरी घेतली. अर्धी मोडून त्याच पोराच्या हातात दिली आणि मग आपण खाल्ली. तोच काला! त्यात देणारा कोण आणि घेणारा कोण, हे निवडता येते काय?

तिथेच तालमीची पोरे पाहिली. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन ती चिखलातून येत होती. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, समडोळी या बाजूला होड्यांच्या शर्यतींचा मोठा नाद. शर्यतीत वल्हे मारणारे तसले दोन गडी औषधे घेऊन बुडालेल्या गल्ल्यांतून फिरत होते. एकाला आम्ही शाबासकी दिली, तर तो लाजून म्हणाला, "अंग गावाच्या भाकरीवर वाढलंय की, म्हाराज." कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आम्हांस आठवले. १९५२ साली हेलसिंकीस जाण्याला त्यांच्यापाशी पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेविले, असे सांगतात. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले ते ऋण विसरले नाहीत, कुस्त्या लावून त्यांनी पैसे फेडले. पैलवानाचे अंग म्हणजे लोकांनी भरलेली शिदोरी. वेळ येताच ती लोकांपुढे सोडावी, हे त्या पोरांना कुणी शिकवावे लागले नाही.

त्याच महिन्यात, दहीहंडीच्या वेळी, मुंबई-ठाण्याकडच्या अनेक मंडळांनी उत्सव रद्द केला वा साधेपणाने केला, आणि तो पैसा पूरग्रस्तांकडे धाडला. थर लावणाऱ्या गोविंदांची हंडी त्या साली फुटली नाही, असे कुणी म्हणेल. आम्ही म्हणतो, ती सांगलीत फुटली.

पुढे जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, पाटणकडे दरडी कोसळल्या, माणसे गाडली गेली. संकट काही एकदाच येत नाही. म्हणून वारकऱ्यांना हात जोडून एवढेच मागणे. द्याल तेव्हा आपल्या ताटात वाढाल तेच द्या. नाव पुकारू नका. आणि घेण्याची वेळ आली तर मान खाली घालू नका, घेतलेल्यातले अर्धे शेजाऱ्याला द्या. आपली चंद्रभागा पुढे कृष्णेलाच मिळते. मिळाल्यावर पाणी कुणाचे, ते कोण सांगणार?

ती म्हातारी पुन्हा भेटली नाही. नाव ठाऊक नाही, ते बरेच झाले.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!