यंत्राची मर्जी

चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. सांगणाऱ्याला स्वतःला काही विकायचं नसे, एवढीच त्यातली गोम. गावात एकच तेली आणि एकच सोनार होता तेव्हा ते ठीकच होतं. पुण्यात तर दुकानदार ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी लावून गिऱ्हाइकाला दम देत, आणि गिऱ्हाईक तरीही रांगेत उभं राही. आता ती गल्ली राहिली नाही. आता गल्ली म्हणजे गूगल. तिथे पहिल्या पानावर जेमतेम दहाएक पाट्या मावतात आणि दुसऱ्या पानावर माणूस वाट चुकला तरच जातो. साहजिकच त्या पहिल्या पानावर घुसण्याचं एक शास्त्र निघालं. त्याला म्हणतात सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. घाईतले लोक ‘एसईओ’ म्हणतात. माझा भाचा त्यावर पोट भरतो, आणि माझ्यापेक्षा बरं भरतो. मला त्यात एकच प्रश्न सतावतो. नीटनेटकं दिसण्याची खटपट नेमकी कुठे संपते आणि लबाडी कुठे सुरू होते?

आधी यंत्राचं काम कसं चालतं ते पाहू. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी गूगल काढलं. त्यांची मूळ कल्पना आम्हा बँकवाल्यांना चटकन कळावी अशी आहे. पूर्वी खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागे. सही वजनदार खातेदाराची असली की मॅनेजर नव्या माणसाला खुर्ची देई. गूगलनंही तेच केलं. एका संकेतस्थळानं दुसऱ्याचा दुवा दिला की ती झाली ओळखीची सही. जास्त सह्या, त्याही वजनदारांच्या, म्हणजे माणूस भरवशाचा. आज यंत्र आणखी शंभर गोष्टी बघतं, पण पाया हाच.

आता ओळखीच्या सहीचं पुढे काय होतं, हे ज्यानं काउंटरवर चार वर्षं काढली त्याला सांगायला नको. बँकेच्या दारात एका चहावर कुणाचीही ओळख द्यायला तयार असलेला एखादा परोपकारी खातेदार उभा असतोच. इंटरनेटवर असे परोपकारी शेकड्यांनी निघाले. एकमेकांना दुवे देण्यापलीकडे काहीही काम नसलेली संकेतस्थळं उभी राहिली. कुणी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत ‘स्वस्त, स्वस्त, स्वस्त’ असं पाचशे वेळा लिहून ठेवलं. माणसाला दिसू नये, यंत्राला मात्र दिसावं! यात फक्त गल्लीबोळातले दुकानदार होते असं समजू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलनं खुद्द बीएमडब्ल्यूच्या जर्मन संकेतस्थळाला आपल्या यादीतून काही दिवस बाहेर काढलं होतं. यंत्रापुढे एक पान धरायचं आणि माणसाला भलत्याच पानावर न्यायचं, हा गुन्हा. इतकी महागडी मोटार बनवणाऱ्यांनाही चोरदरवाजानं आत शिरावंसं वाटावं, हे वाचून माझ्या स्कूटरला फार बरं वाटलं.

मग बंदोबस्त आला. २०११ मध्ये ‘पांडा’ आणि २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ अशा नावांचे नियम गूगलनं सोडले. पांडा पोकळ मजकूर हुंगून काढणार, पेंग्विन विकतच्या ओळखी. मुंबईकराला पेंग्विन राणीच्या बागेत काचेपलीकडे पोहताना ठाऊक. त्याच्या नुसत्या नावानं जगभरचे व्यापारी दचकून उठले, ही या शतकाची गंमत.

पण दोष एकट्या व्यापाऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. १९७५ साली बँक ऑफ इंग्लंडमधले चार्ल्स गुडहार्ट यांनी पैशाच्या धोरणासंबंधी एक निरीक्षण नोंदवलं. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा, की एखादं माप हेच ध्येय झालं की ते माप कामातून जातं. हे सांगायला इंग्लंडची बँक कशाला हवी? ३१ मार्चला कुठल्याही शाखेत येऊन बसा. त्या संध्याकाळी ठेवी अशा फुगतात की पुरी लाजावी. १ एप्रिलला दुपारपर्यंत हवा गेलेली असते. ठेवींचा आकडा लोकांचा विश्वास मोजण्यासाठी होता. आम्ही विश्वास बाजूला ठेवून आकडा मिळवायला शिकलो. यात कुणी खलनायक नसतो. वरून टार्गेट येतं, आणि प्रत्येकाला मुलाबाळांचं करायचं असतं.

हा सगळा तत्त्वविचार एकदा आमच्याच मजल्यावर उतरला. समोरच्या काकू भाजणी करतात. बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे, एकेक वेगळं भाजून. सगळं एकदम कढईत ढकललं की धने करपतात आणि बाजरी कच्ची राहते, असं त्यांचं सांगणं. काकांची पेन्शन बेताची, त्यामुळे भाजणी हा काही काकूंचा छंद नव्हे. मुलीनं त्यांना संकेतस्थळ काढून दिलं, नाव ठेवलं ‘आईच्या हातचं’. ऑर्डरी महिन्याला सहा. त्यातल्या दोन मुलीच्याच.

भाच्यानं पाहिलं आणि म्हणाला, “काकू, ‘आईच्या हातचं’ असं कोण शोधणार? लोक ‘थालीपीठ भाजणी’ असं टाइप करतात. ते शब्द मथळ्यात पाहिजेत. फोटोखाली नाव, भाव, आणि कुठे कुठे पाठवता ते लिहा.”

काकूंना पटलं. मलाही पटलं. ही खोलीच्या दारावर नाव लावण्यासारखी गोष्ट. पोस्टमन आपल्याकडे यावा म्हणून पाटी लावणं हा अहंकार नव्हे.

मग तो म्हणाला, “मजकूर हजार शब्दांचा करू. सुरुवात महाराष्ट्राच्या समृद्ध खाद्यपरंपरेपासून.”

“अरे बाळा, भाजणीचं सगळं चार ओळींत झालं की,” काकू म्हणाल्या. “बाकीचं काय लिहिणार?”

“बाकीचं कुणी वाचत नाही काकू.”

“मग लिहायचं कुणासाठी?”

माझा भाचा इतका वेळ गप्प बसलेला मी त्याच्या बारशानंतर पाहिला नव्हता.

तिसरा डाव त्यानं जपून टाकला. मित्रांकडून दहा-बारा अभिप्राय लिहून घेऊ, पाच-पाच तारे. सगळेच करतात. काकूंनी विचारलं, “त्यांना भाजणी पाठवायची का आधी?” तो म्हणाला, “गरज नाही.” काकू म्हणाल्या, “खाल्ल्याशिवाय छान म्हणणाऱ्याला आमच्याकडे जावई म्हणतात. तेही लग्न ठरेपर्यंतच.”

अभिप्राय राहिले. मथळा बदलला. ऑर्डरी सहाच्या अकरा झाल्या. पहिल्या पानावर आजही दुसरेच कुणीतरी आहेत. त्यांच्या भाजणीत धने करपलेले असतात, हे काकूंचं मत. मी चाखून पाहिली आहे आणि सहमत आहे. सत्याचा विजय झाला असं काही मला सांगता येणार नाही. पाच ऑर्डरींपुरता झाला, इतकंच.

भाच्याची बाजूही सांगायला हवी. “मामा, पहिलं पान सज्जनांनी सोडलं की ते रिकामं राहत नाही,” असं तो म्हणतो आणि ते खरं आहे. शिवाय यंत्राचा मालकही काही देवळातला पुजारी नव्हे. पेज आणि ब्रिन यांनी १९९८ च्या आपल्या शोधनिबंधात लिहिलं होतं, की जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल. नंतर २००० साली त्यांनी स्वतःच जाहिरातींचं दुकान उघडलं. पहिल्या पानावर सगळ्यात वर आज बऱ्याचदा पैसे भरलेल्यांच्या पाट्या असतात. देवाच्या रांगेत व्हीआयपी पास निघावा, तसं.

म्हणून मी काकूंचाच प्रश्न जवळ ठेवला आहे. लिहायचं कुणासाठी? ज्याला भाजणी हवी त्याला ती सापडावी म्हणून लिहिलेलं वाक्य कितीही हुशारीचं असो, प्रामाणिकच आहे. माणसानं वाचूच नये, पण यंत्रानं मान डोलवावी, म्हणून लिहिलेलं वाक्य पांढऱ्यावर पांढरं आहे, मग ते काळ्या शाईत का असेना. ही कसोटी फक्त संकेतस्थळांपुरती आहे असंही वाटत नाही. आमच्या बँकेतल्या वार्षिक अहवालांना, लग्नाच्या बायोडेटांना आणि साहेबांच्या निरोपसमारंभातल्या भाषणांना ती लावून पाहिली. फार थोडा मजकूर शिल्लक राहिला. साहेबांचं तर नुसतं नाव राहिलं.