रंगाआधीची भिंत
(वाचन : यहेज्केल 13:10-16)

नाताळ जवळ आला की आपल्या सुलतान बाजारातील जुन्या घरांत रंगकाम निघते. जाणता रंगारी आधी डबा उघडीत नाही. तो पोपडे खरवडतो, ओल कोठून येते ते पाहतो, भिंत सुकू देतो. मग प्रायमर, लांबी, वाळल्यावर पॉलिशपेपर; धूळ पुसून पुन्हा प्रायमर, शेवटी रंगाचे दोन पातळ हात. दिवा भिंतीलगत आडवा धरला की उरलेले उंचवटे दिसतात. घासण्याचा कंटाळा असलेला मात्र एकच जाड हात देतो!

यहेज्केलाच्या काळचे खोटे संदेष्टे कच्च्या भिंतीला चुना लावीत होते. ती पावसात कोसळेल, असे प्रभूने बजावले. सख्ख्या भावाशी अबोला ठेवून आपण प्रभुभोजनास येतो, तेव्हा ओल आतच असते. आधी त्याच्या दारी जावे (मत्तय 5:23-24). नाताळला अजून दिवस आहेत.