मुक्काम सावनेर

इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या गावात शेक्सपिअर पायी फिरून पाहता येतो. हेन्ली स्ट्रीटवरचे जन्मघर, मग शाळा, शाळेजवळच न्यू प्लेस आणि शेवटी एव्हनच्या काठी होली ट्रिनिटी चर्चमधली कबर. रमतगमत गेले तरी हे अंतर फार नाही. ज्या वर्षांमुळे जग त्याला ओळखते ती लंडनमधली वर्षे मात्र या वाटेवर नाहीत. तरी तिथे माणसे गटागटाने फिरतात आणि कृतार्थ होऊन परततात.

या वाटेवर मला सर्वांत विचार करायला लावतो तो न्यू प्लेसचा थांबा, कारण तिथे घरच नाही. शेक्सपिअरची अखेरची वर्षे जिथे गेली त्या जागेवरचे घर अठराव्या शतकात फ्रान्सिस गॅस्ट्रेल नावाच्या पाद्र्याकडे आले. कवीने लावले म्हणून अंगणातली तुती पाहायला सारखे कोणीतरी दारात. पाद्रीबुवांनी वैतागून १७५६ मध्ये झाड तोडले आणि कराच्या भांडणात १७५९ मध्ये घरही जमीनदोस्त केले. तुतीच्या लाकडाच्या वस्तू आठवण म्हणून विकल्या गेल्या. १७६९ मध्ये डेव्हिड गॅरिक या नटाने गावात मोठा उत्सव मांडला, तो पावसात वाहून गेला. आणि गंमत अशी, की नाटककाराच्या त्या उत्सवात त्याचे एकही नाटक झाले नाही. जन्मघर १८४७ मध्ये लोकवर्गणीतून विकत घेतले, पुढे लगतची घरे पाडून ते पुष्कळसे नव्याने उभारले. आज जी वाट आपसूक वाटते ती अशी मागाहून, बरीचशी हट्टाने आखलेली आहे.

सावनेरच्या रस्त्यावर हे आठवण्याला कारण आहे. नागपूरच्या वायव्येला, कोलार नदीचे हे तालुक्याचे गाव. भोवती कापूस, संत्री आणि कोळशाच्या खाणी; बैतुलकडे जाणारे ट्रक; छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली, आता तिथे रुंद रूळ. पाहुणा आला तर त्याला आपण आदासाच्या गणपतीला नेतो. गावातून पायी फिरवत नाही. वास्तविक २३ जानेवारी १९१९ रोजी नाटककार राम गणेश गडकरी इथे, सावनेरात, वारले. वय वर्षे तेहतीस.

जन्म नवसारीचा, घडण पुण्याची. सावनेरशी त्यांचा संबंध भावाच्या घराचा आणि आजारपणाचा. त्या आजारपणात त्यांनी ‘भावबंधन’ पुरे केले. ‘एकच प्याला’ लिहून झाले होते, पण त्याचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला केला तो त्यांच्यामागे महिनाभराने. त्यातली पदे वि. सी. गुर्जरांना लिहावी लागली. ‘राजसंन्यास’ अपुरेच राहिले. मराठीचा शेक्सपिअर हे बिरुद त्यांना कौतुकाने लावतात. मला ते फारसे रुचत नाही. बावन्न वर्षे जगून, घरदार करून, मृत्युपत्र लिहून गेलेल्या माणसाशी या अर्ध्यावर मोडलेल्या डावाची तुलना कशी करायची?

मग सावनेरचा त्यांच्यावर हक्क किती? अखेरच्या आजारपणातल्या पाहुण्यावर गावाने आपले नाव लावावे का? इथे मला इंग्लंडपेक्षा विदर्भातलीच एक जुनी पोथी जवळची वाटते. श्रीचक्रधरस्वामी जिथे जिथे गेले त्या जागांची नोंद त्यांच्या महानुभाव पंथाने चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’त केली. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी ती संपादित केली आहे. पोथी थोरवी गात बसत नाही, दिशा सांगते: देवळाचे दार कोणीकडे, त्याच्या कोणत्या अंगाला स्वामी बसले. मुक्काम लांबला तर ते अवस्थान, रात्र काढली तर वसती, नुसते टेकले तर आसन. परिश्रयाची, म्हणजे शौचाला बसण्याची, जागासुद्धा टिपलेली. या जागांवर ओटे बांधले गेले. एका रात्रीची वसतीही नोंदवण्याजोगी असते, हा त्या हिशेबाचा पाया. त्या मापाने सावनेर तर लांबलेला मुक्काम. त्याला हक्क मागायची गरजच नाही.

आपण मात्र थोर माणसाचे करायचे म्हटले की नाव देतो किंवा अर्धपुतळा बसवतो. गडकऱ्यांच्या नावाने सावनेरला सहकारी साखर कारखाना निघाला आणि पुढे विकला गेला. त्या लेखणीच्या माणसाने यावर ‘बाळकराम’ या आपल्या विनोदी टोपणनावाने काय लिहिले असते, याची कल्पना करून पाहावी. पुण्याच्या संभाजी उद्यानातला त्यांचा अर्धपुतळा जानेवारी २०१७ मध्ये उखडून मुठा नदीत फेकला गेला. निमित्त ‘राजसंन्यास’, तेच अपुरे राहिलेले नाटक. पुतळा एका जागी असतो म्हणून तो भांडणाचा विषय होतो. चालण्याची वाट तशी कोणाच्या मालकीची होत नाही. दरवर्षी कोणीतरी चालले पाहिजे, एवढीच तिची अट.

सावनेरात अशी वाट आखायची तर दिवस ठरलेलाच आहे, तेवीस जानेवारी. कापसाचा हंगाम असतो, हवाही चालण्याजोगी. जुनी माणसे दाखवतील ती गल्ली घ्यावी आणि दोघांनी दोन जागा दाखवल्या तर दोन्हीकडे थांबावे; गॅस्ट्रेलने पाडलेल्या घरासमोरही लोक थांबतातच. वाटाड्या शाळेतला मराठीचा मास्तर असावा, नागपुरी बोलणारा, पोथीसारखा नेमका. त्याने क्षयाचे वर्णन करू नये आणि अकाली गेले म्हणून गळा काढू नये. शेवटच्या थांब्यावर ‘भावबंधन’ उघडावे. त्यातल्या खलनायक घनश्यामाचे सुडाचे भाषण टाळून विनोदी धुंडिराज नाही तर कामण्णा वाचावा, मोठ्याने. खोकल्याने बेजार झालेल्या माणसाला हे विनोद याच गावात पूर्ण करायचे होते. ऐकताना पोरे खिदळली, रस्त्यावरच्या चहावाल्यानेही मान वळवून पाहिले, तर वाचणाऱ्याने थांबू नये, पुढचा प्रवेशही वाचावा.